आयसीयूत रक्त चढवल्यावरची गुंतागुंत: समोर असूनही ती का दिसत नाही

एका निवासी डॉक्टरांनी विचारलं आहे: "आयसीयूत दोन वर्षं काम करतोय. ट्राली, टाको, हिमोलिसिस सगळं पाठ आहे. तरी या दोन वर्षांत मी रक्ताची एकही रिअॅक्शन नोंदवलेली नाही. आमच्याकडे होतच नाहीत, की मला दिसत नाहीत? आणि व्हेंटिलेटरवरच्या, गुंगीतल्या पेशंटमध्ये ती ओळखायची कशी?"

होत असणार, आणि सुटत असणार. (ट्राली आणि टाको म्हणजे काय ते पुढे येईलच; हिमोलिसिस म्हणजे तांबड्या पेशी फुटणं.) माझ्याही सुरुवातीच्या वर्षांत सुटल्या, म्हणून हे खात्रीनं लिहिते.

वॉर्डातला पेशंट शुद्धीवर असतो. थंडी वाजली, कंबरेत कळ आली, छातीत कोंडल्यासारखं झालं तर तो सिस्टरला हाक मारतो. "मला काहीतरी विचित्र वाटतंय, भीती वाटतेय" हे पेशंटचे शब्द चुकीच्या गटाचं रक्त लागल्याची पहिली खूण असू शकतात. आयसीयूत ते शब्द आपणच काढून घेतलेले असतात. घशात नळी, गुंगीचं औषध, कधी स्नायू सैल करणारं औषधही चालू. उरतो फक्त मॉनिटर. आणि मॉनिटरवर काहीही बदललं तरी त्याचं कारण आपल्याकडे आधीच तयार असतं. ताप आला, सेप्सिस (जंतुसंसर्गानं सगळं शरीर बिघडणं) आहेच. बीपी पडलं, शॉक (अवयवांना पुरेसं रक्त न पोचणं) वाढला. ऑक्सिजन जास्त लागला, न्यूमोनिया पसरला. लघवी आटली, किडनी कालपासूनच बिघडलेली. प्रत्येक कारण पटण्यासारखं असतं, म्हणून शोध तिथेच थांबतो.

त्यामुळे यादी पाठ असण्यापेक्षा एक सवय अंगात मुरलेली असणं मला जास्त मोलाचं वाटतं. पेशंट अचानक बिघडला की पहिल्या मिनिटातच विचारायचं: गेल्या बारा तासांत कुठली पिशवी लागली, किती वाजता सुरू झाली, किती वाजता संपली? उत्तर मिळालं की ती वेळ बिघाडाच्या वेळेशेजारी ठेवून पाहायची.

शिकत असताना पाहिलेली एक केस सांगते. पोटातल्या सेप्सिसचा पेशंट, व्हेंटिलेटरवर, पण दोन दिवस फुफ्फुसं स्थिर. ऑक्सिजन ४० टक्के. नवीन सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) घालायची होती आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, एकच्या आसपास हवा) १.७ होता, म्हणून "सेफ साइड" म्हणून प्लाझ्माच्या (रक्तातल्या द्रव भागाच्या) पिशव्या लावल्या. शेवटची पिशवी संपून तास झाला असेल, सॅच्युरेशन घसरायला लागलं. ऑक्सिजन ८० टक्क्यांवर न्यावा लागला. नळीतून फेसाळ, गुलाबीसर पाणी यायला लागलं, सक्शन केलं की दहा मिनिटांत पुन्हा भरायचं. बीपीही खाली आलं. मी नोट लिहिली: सेप्सिसमुळे एआरडीएस, म्हणजे फुफ्फुसं पाण्यानं भरून अचानक निकामी होणं. अँटिबायोटिक बदललं. पाणी जास्त झालं असेल म्हणून फ्युरोसेमाइड, लघवीवाटे पाणी काढणारं औषध, तेही दिलं, त्यानं बीपी आणखी पडलं. रात्रीच्या सिस्टर शिफ्ट घेताना चार्टवर बोट ठेवून म्हणाल्या, "मॅडम, हे सगळं तिसऱ्या पिशवीपासूनचं आहे." चार्ट माझ्यासमोरही होता. ज्या पानावर पिशवीच्या वेळा होत्या त्या पानावर व्हेंटिलेटरचे आकडे नव्हते, एवढीच अडचण होती. मी दोन्ही पानं शेजारी ठेवलीच नव्हती.

ती ट्राली होती, म्हणजे रक्तघटकामुळे फुफ्फुसाला झालेली तीव्र इजा. दात्याच्या प्लाझ्मातल्या अँटिबॉडी पेशंटच्या पांढऱ्या पेशींना चिकटतात, त्या पेशी फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकून तिथली भिंत गळकी करतात आणि प्रथिनांनी भरलेलं पाणी हवेच्या पिशव्यांत उतरतं. अशा अँटिबॉडी बहुतेक वेळा गरोदरपणात तयार होतात, म्हणून अनेक गर्भारपणं झालेल्या दात्यांच्या प्लाझ्मात त्या जास्त सापडतात. हे लक्षात आल्यावर ब्रिटनमध्ये २००३ पासून प्लाझ्मासाठी प्रामुख्यानं पुरुष दाते घ्यायला सुरुवात झाली आणि ट्रालीचं प्रमाण स्पष्टपणे खाली आलं. आयसीयूतल्या माणसाला याचा धोका का जास्त, तेही समजून घ्या. सेप्सिस, शॉक, मोठी शस्त्रक्रिया यांमुळे त्याच्या पांढऱ्या पेशी आधीच चेतलेल्या असतात. पिशवी हा दुसरा धक्का. निरोगी माणसाला कदाचित काहीच झालं नसतं अशी पिशवी त्याला भोवते.

आता तुम्ही म्हणाल, एआरडीएसची इतर कारणं हजर असताना ट्राली म्हणायचं कसं? २००४ च्या व्याख्येत अशा पेशंटना "संभाव्य ट्राली" या गटात ढकललं जायचं, आणि व्यवहारात ते तिथेच विसरले जायचे. २०१९ मध्ये ती व्याख्या बदलली. पिशवी लावण्याआधीचे बारा तास श्वसनाची स्थिती स्थिर होती आणि पिशवीनंतर सहा तासांच्या आत ती कोसळली, तर एआरडीएसची दुसरी कारणं असली तरी तिला ट्राली, प्रकार दोन म्हणता येतं. आयसीयूतले बहुतेक पेशंट या दुसऱ्या प्रकारात मोडतात. म्हणूनच पिशवी लावण्याआधी ऑक्सिजन किती टक्के, पीप (श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटर फुफ्फुसात राखतो तो दाब) किती, हे लिहून ठेवायला मी आग्रहानं सांगते. आधीचा आकडाच नसेल तर नंतर काही सिद्ध करता येत नाही.

टाको त्याहून कितीतरी जास्त वेळा होतो. रक्ताभिसरणावर पडलेला जादा भार, एवढाच त्याचा अर्थ. ऐकायला साधा वाटतो, पण रक्त दिल्यामुळे होणाऱ्या मृत्यूंच्या अलीकडच्या अहवालांत तो सगळ्यात वर असतो. किती वेळा सापडतो ते कसं शोधता यावर अवलंबून आहे; प्रसिद्ध अभ्यासांत एक टक्क्यापासून आयसीयूतल्या अकरा टक्क्यांपर्यंत आकडे आले आहेत. कुणी कळवेल म्हणून वाट पाहिली तर फार थोडे हाती लागतात. चार्ट उघडून मुद्दाम शोधले तर कितीतरी जास्त. वय झालेलं, हृदय कमकुवत, किडनी निकामी, वजन कमी, आणि आधीच दोन-तीन लिटर जास्त गेलेले: असा पेशंट तुमच्या आयसीयूत आत्ता, या क्षणीही असेल.

गुंगीतल्या पेशंटमध्ये टाकोची एक खूण फसवी असते. पुस्तकात लिहिलंय, बीपी वाढतं. नॉरअॅड्रेनलिन हे बीपी टिकवणारं औषध चालू असलेल्या पेशंटमध्ये बीपी वाढलेलं दिसत नाही, कारण सिस्टर तेवढा डोस कमी करतात. चार्टवर बीपी सरळ रेषेत, डोस मात्र उतरत चाललेला. राउंडला सगळे म्हणतात, शॉक सुधारतोय. तासाभरानं ऑक्सिजन वाढवावा लागतो. रक्त चालू असताना नॉरअॅड्रेनलिन झपाट्यानं उतरायला लागलं आणि सोबत सॅच्युरेशन घसरत असेल, तर आनंद मानण्याआधी फुफ्फुसांवर अल्ट्रासाउंड ठेवा.

ट्राली आणि टाकोत फरक करायचा तर एकाच खुणेवर विसंबू नका. बीपी चढतंय की पडतंय, इकोवर डावं हृदय भरलेलं आहे का, फ्युरोसेमाइडला दाद मिळते का, ताप आहे का, पांढऱ्या पेशी अचानक खाली गेल्या का (ट्रालीत काही तासांसाठी जातात), आणि बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तचाचणी) पिशवीआधीच्या मूल्याच्या दीडपटीहून वाढलं का. पिशवीआधीचा नमुना बहुतेक वेळा प्रयोगशाळेत त्याच दिवशीचा पडलेला असतो, तो मागवून घ्या. टाकोची मुदत बारा तासांची आहे, हे विसरू नका. संध्याकाळच्या शिफ्टला दिलेली पिशवी रात्रीच्या शिफ्टला बिघाड दाखवते आणि रात्रीच्या डॉक्टरला पिशवीबद्दल कुणी सांगितलेलंच नसतं. दोन्ही एकाच वेळी झाल्याचंही मी पाहिलं आहे. उपचारातला फरक मात्र जिवावरचा आहे. टाकोत पाणी काढायचं. ट्रालीत पेशंट आतून कोरडा असू शकतो, तिथे डोळे मिटून फ्युरोसेमाइड देणं म्हणजे शॉक वाढवणं. स्टिरॉइडचा ट्रालीत फायदा दिसलेला नाही. फुफ्फुसाला जपणाऱ्या सेटिंग्जवर व्हेंटिलेटर ठेवायचा आणि वाट पाहायची. बरेच पेशंट दोन ते चार दिवसांत सावरतात.

चुकीच्या गटाचं रक्त विरळा लागतं, पण लागलं तर मिनिटं मोजावी लागतात. लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट दाखवून दिले त्याला सव्वाशे वर्षं होत आली, तरी आजही यातली बहुतेक प्रकरणं प्रयोगशाळेतल्या चुकीमुळे घडत नाहीत. ती खाटेजवळ घडतात. दोन पेशंटचे नमुने एकदम काढले आणि लेबलं नंतर टेबलावर बसून लावली. किंवा पिशवी हातात घेतली आणि पेशंटचं नाव मनगटाच्या पट्टीवर न वाचता खाटेच्या नंबरावरून ठरवलं. गुंगीतल्या माणसाला नाव विचारता येत नाही, म्हणून आयसीयूत मनगटाची पट्टी हाच त्याचा आवाज. ती ड्रेसिंगखाली किंवा आर्टेरियल लाइनच्या पट्ट्यांखाली गाडली गेली असेल तर आधी ती मोकळी करा, मग पिशवी टोचा.

गुंगीत याच्या तीन खुणा शोधायच्या: कारण नसताना पडलेलं बीपी, युरिन बॅगच्या नळीत उतरलेली तांबडी ते काळपट लघवी, आणि सुया टोचलेल्या जागांतून झिरपायला लागलेलं रक्त. मोठ्या रक्तस्रावाच्या धावपळीत या तिन्ही खुणा "रक्तस्रावामुळेच" म्हणून खपून जातात. शंका आली की पेशंटचा ईडीटीए नमुना (रक्त गोठू न देणाऱ्या नळीतला) सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा प्लाझ्मा उजेडात धरा. तो गुलाबी असेल तर उत्तर पाच मिनिटांत तुमच्या हातात आहे, बाकीचे रिपोर्ट नंतर येत राहतील. नमुना काढताना जोर लावला तरी पेशी फुटून तो गुलाबी दिसू शकतो, तेव्हा दुसरा सावकाश काढून पडताळा.

जंतुसंसर्गाचा धोका प्लेटलेट्समध्ये सर्वांत जास्त. त्या २० ते २४ अंश सेल्सियसला, सतत हलवत ठेवाव्या लागतात, आणि तेच तापमान जंतूंनाही मानवतं. तांबड्या पेशी २ ते ६ अंशांत राहतात, तरी यर्सिनियासारखा जंतू थंडीतही वाढतो. सेप्सिसच्या पेशंटला प्लेटलेट्स लावल्यावर अर्ध्या तासात हुडहुडी, ताप, शॉक आला तर "सेप्सिस चिघळला" असं लिहिण्याआधी पिशवी काढा. पिशवीतून आणि पेशंटच्या वेगळ्या शिरेतून, दोन्हीकडून कल्चर पाठवा. आणि रक्तपेढीला फोन त्याच क्षणी, सकाळी नव्हे. त्या दात्याच्या त्याच रक्तातून बनलेला दुसरा घटक कुठल्यातरी दुसऱ्या पेशंटसाठी निघालेला असू शकतो.

भरपूर रक्त भराभर द्यावं लागतं तेव्हा प्रश्न वेगळे. पिशवीतलं सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. निरोगी लिव्हर ते झटकन पचवतं. शॉकमध्ये लिव्हरलाच रक्त पोचत नाही. हृदयाचं आकुंचन मंदावतं, रक्त गोठत नाही, आपण आणखी प्लाझ्मा लावतो, म्हणजे आणखी सायट्रेट. इथे एकूण कॅल्शियमच्या रिपोर्टवर जाऊ नका, तो नॉर्मल येऊ शकतो. ब्लड गॅसवरचं आयनाइज्ड, म्हणजे बांधलं न गेलेलं मोकळं कॅल्शियम पाहा आणि ते रक्तासोबतच देत राहा, वेगळ्या लाइनमधून. रक्त गरम करून द्या. जुन्या पिशवीतलं पोटॅशियम प्रौढाला सावकाश दिल्यास फारसं बाधत नाही, पण सेंट्रल लाइनमधून दाबून ढकललं, विशेषतः लहान मुलात, तर थेट उजव्या हृदयात जाऊन ते बंद पाडू शकतं.

उशिरा येणाऱ्या गुंतागुंतीबद्दल थोडक्यात, कारण त्या आयसीयूबाहेर गेल्यावर उमटतात. रक्त दिल्यानंतर आठवडा-दहा दिवसांनी हिमोग्लोबिन पुन्हा रक्त देण्याआधीच्या पातळीवर घसरलं, डोळे पिवळे दिसले, रक्तस्राव कुठेच नाही, तर डायरेक्ट कूम्ब्स (तांबड्या पेशींवर अँटिबॉडी चिकटल्या आहेत का ते पाहणारी तपासणी) करा. किड गटाच्या (एबीओखेरीज तांबड्या पेशींचा आणखी एक रक्तगट) अँटिबॉडी यासाठी कुप्रसिद्ध आहेत. क्रॉसमॅचच्या (दात्याचं रक्त पेशंटशी जुळतं का ते पाहण्याच्या) वेळी त्या इतक्या क्षीण असतात की सापडत नाहीत. पाच ते बारा दिवसांत प्लेटलेट्स कोसळल्या तर हेपॅरिनला (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाला) दोष देताना रक्तानंतरच्या परप्युराचाही (रक्त दिल्यावर अँटिबॉडींमुळे प्लेटलेट्स नष्ट होण्याचाही) विचार करा.

ज्या औषधांवर आपण निर्धास्त होतो त्यांबद्दलही सांगायला हवं. पिशवीआधी सरसकट पॅरासिटामॉल, अँटिहिस्टामिन आणि स्टिरॉइड देण्यानं रिअॅक्शन टळतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. पॅरासिटामॉल ताप मात्र लपवू शकतं, आणि गुंगीतल्या पेशंटमध्ये तापाशिवाय हातात दुसरं असतं तरी काय? तसंच "ताजं रक्त द्या" हा आग्रह. २०१५ ते २०१७ या काळात यावर मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या, त्यांतल्या दोन खास आयसीयूतल्या पेशंटवर. ताज्या रक्तानं मृत्यू कमी झाले नाहीत.

मुळात ती पिशवी लागणार होती का, हा प्रश्न मी राउंडला सर्वांत आधी विचारते. १९९९ मध्ये कॅनडात ८३८ पेशंटवर झालेल्या ट्रिक चाचणीत हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त देणाऱ्या गटात तीस दिवसांतले मृत्यू १८.७ टक्के होते. १० च्या खाली गेल्याबरोबर देणाऱ्या गटात २३.३ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही, पण जास्त रक्त देऊन फायदा होत नाही हे पक्कं झालं, आणि फुफ्फुसात पाणी होण्याचं प्रमाण जास्त रक्त देणाऱ्या गटात दुप्पट होतं. २०१४ मध्ये सेप्टिक शॉकमध्येही ७ आणि ९ या दोन मर्यादांत मृत्यूंचा फरक दिसला नाही. हृदयविकाराचा ताजा झटका असेल तिथे मी ७ ची मर्यादा धरत नाही, थोडी वर ठेवते. २०२३ च्या चाचणीनं तिथे कमी रक्त देण्याबद्दल शंका जागी ठेवली आहे. बाकीच्यांना एक पिशवी द्या, पुन्हा पेशंटकडे पाहा, मग दुसरीचं ठरवा. माझ्या त्या केसमधला प्लाझ्मा तर अगदीच विनाकारण गेला. प्लाझ्माच्या पिशवीचा स्वतःचा आयएनआर एकपेक्षा थोडा वर असतो, तो १.७ ला खाली कितीसा आणणार? अल्ट्रासाउंडखाली अनुभवी हातानं लाइन घालणं पुरेसं होतं. शिवाय रोज तपासण्यांसाठी आपण किती रक्त काढतो तेही मोजा. लहान नळ्या वापरल्या तर आयसीयूत रक्ताची गरज कमी होते, हे मोठ्या अभ्यासात दिसलं आहे.

शंका आली की पिशवी थांबवा, शिरेची वाट बंद करू नका. नळीत उरलेलं रक्त सलाइननं पुढे ढकलू नका. तो सेट काढून नवा सेट आणि सलाइन लावा. पट्टी, पिशवी, फॉर्म पुन्हा जुळवून पाहा. नमुने काढा, पहिली लघवी राखून ठेवा. आणि पिशवी, ती अर्धी असो वा रिकामी, सेटसकट रक्तपेढीकडे. माझ्या ओळखीच्या कितीतरी प्रकरणांचा तपास एवढ्यावर अडला की रिकामी पिशवी जैविक कचऱ्याच्या पिवळ्या बादलीत जाऊन वर ड्रेसिंगचा कचरा पडलेला होता. रक्त संपल्यावर पिशवी निदान बारा तास, खूणचिठ्ठी लावून बाजूला ठेवण्याची पद्धत तुमच्या युनिटमध्ये आजच सुरू करता येईल. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण मनात असेल: नोंद केली तर आपल्यावर येईल का? नोंद करणारा गुन्हेगार ठरेल ही भीती मी समजू शकते, मलाही होती. पण ट्राली कुणाच्या चुकीमुळे होतेच असं नाही, आणि शंका म्हणून केलेली नोंद नंतर खोटी ठरली तरी काही बिघडत नाही. फ्रान्समध्ये १९९४ पासून आणि ब्रिटनमध्ये १९९६ पासून रक्तदक्षतेची (रक्त दिल्यानंतरच्या गुंतागुंतींवर लक्ष ठेवण्याची) व्यवस्था चालते ती अशाच शंकेच्या नोंदींवर. पुरुष दात्यांच्या प्लाझ्माचा निर्णयही त्यांतूनच आला.

त्या रात्री मी सिस्टरांच्या सांगण्यावरून उशिरा का होईना रक्तपेढीला फोन केला. तिथल्या ड्यूटी डॉक्टरांनी तिन्ही दात्यांचे नंबर काढले. काही दिवसांनी एका दात्याच्या रक्तात पेशंटच्या पांढऱ्या पेशींशी जुळणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या. नियमितपणे रक्त देणाऱ्या त्या बाई होत्या, त्यांना यातलं काहीच माहीत असण्याचं कारण नव्हतं. माझा फोन गेला तेव्हा त्यांच्या आधीच्या रक्तदानातल्या प्लाझ्माची एक पिशवी फ्रीजरमध्ये होती आणि सकाळच्या एका शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवलेली होती. ती त्याच रात्री बाजूला काढली गेली.